शाळकरी मुलाचा छळ होत असेल तर मोठ्यांनी काय करावे

वर्गातली मुले आपल्याला सतत त्रास देतात असे मुलाने घरी सांगितले, की बहुतेक वेळा त्याला तीनपैकी एक उत्तर ऐकायला मिळते. ‘दुर्लक्ष कर, कंटाळून आपोआप थांबतील’, ‘तूही एक ठेवून दे, मग कोणी वाटेला जाणार नाही’, किंवा ‘तूच काहीतरी केले असशील, उगाच कोण कशाला त्रास देईल?’ ही उत्तरे वरवर वेगळी दिसत असली, तरी मुलाच्या कानी त्यांचा अर्थ एकच पडतो: प्रश्न तुझा आहे, तूच सोडव. वास्तविक, त्याला तो सोडवता आला असता तर त्याने तो घरापर्यंत आणलाच नसता. छळ थांबवण्याची जबाबदारी मोठ्यांचीच असते, मात्र ती पार पाडताना मुलाला अंधारात ठेवून परस्पर काही करणेही तितकेच घातक ठरते. या दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळणे सोपे नाही, आणि पुढील बहुतेक सूचना त्यासाठीच आहेत.

भांडण की छळ?

समोर आलेला प्रकार नेमका काय आहे, हे आधी ठरवावे लागते. नॉर्वेमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी १९७०च्या दशकापासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरल्या जातात: त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. बळ म्हणजे केवळ अंगातली ताकद नव्हे. एका बाजूला पाच जण आणि दुसऱ्या बाजूला एकटा, एक वर्गाचा लाडका आणि दुसरा नवा आलेला, एकाला दुसऱ्याचे गुपित ठाऊक असणे, एक सफाईने बोलणारा आणि दुसरा अडखळत बोलणारा, अशा कितीतरी कारणांनी पारडे एका बाजूला झुकते.

मोठ्यांच्या दृष्टीने ही तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पुढचा उपाय तिच्यावर ठरतो. आज कडाडून भांडलेली आणि उद्या पुन्हा एकत्र खेळणारी दोन मुले समान पातळीवर असतात. त्यांना समोरासमोर बसवून समेट घडवता येतो. छळाच्या प्रकरणात हाच मार्ग धरला तर ज्याची भीती वाटते त्याच्यासमोरच मुलाला बोलायला लावल्यासारखे होते. ते मूल दबून ‘आता काही नाही, मिटले’ असे म्हणते, मोठे समाधानाने निघून जातात आणि मैदानाच्या कोपऱ्यात त्या तक्रारीची वसुली होते.

मारहाण आणि शिवीगाळ पटकन लक्षात येते. वस्तू हिसकावणे, पैसे मागणे, शरीरावरून किंवा बोलण्यावरून टोपणनाव पाडणे हेही कळते. सर्वांत उशिरा लक्षात येतो तो वाळीत टाकण्याचा प्रकार. एखादी मुलगी बसायला आली की तिघी जणी दप्तरे सरकवून बाकावरची जागा अडवतात, ती बोलू लागली की एकमेकींकडे पाहून हसतात, गटाच्या कामात तिचे नाव शेवटी राहील अशी तजवीज करतात. आणि बाईंनी विचारले तर ‘आम्ही तिला काहीच केले नाही’ असे सांगतात. शब्दशः पाहिले तर ते खरेही असते, म्हणूनच त्याविरुद्ध तक्रार करणे त्या मुलीला इतके अवघड जाते. अशा तक्रारीला ‘मुलींची रुसवाफुगवी’ म्हणून हसण्यावारी नेण्याची सवय शिक्षकांनी आणि पालकांनी सोडलीच पाहिजे.

मूल सांगत नसेल तेव्हा

युनेस्कोने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जगभरातल्या जवळजवळ दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाला आधीच्या महिन्याभरात शाळेतील सोबत्यांकडून असा त्रास सहन करावा लागला होता. तरीही अनेक मुले घरी ताकास तूर लागू देत नाहीत. कोणाला चहाडखोर ठरण्याची भीती असते, कोणाला आईवडील शाळेत जाऊन तमाशा करतील असे वाटते, कोणाला आपल्या दुबळेपणाची लाज वाटते, आणि काहींची आपण हीच वागणूक मिळण्याच्या लायकीचे आहोत अशी समजूत झालेली असते. हे शेवटचे कारण सर्वांत काळजीचे आहे.

म्हणून खुणा वाचाव्या लागतात. सुट्टी संपण्याच्या आदल्या संध्याकाळी पोट दुखणे, नेहमीचा रस्ता सोडून लांबच्या वाटेने येणे, पेन, पट्टी, टोपी वारंवार ‘हरवणे’, डबा जसाच्या तसा परत येणे, आवडता खेळ अचानक सोडणे, धाकट्या भावंडावर कारण नसताना खेकसणे. घरी येताच दप्तर टाकून धावत शौचालय गाठणारे मूल दिवसभर शाळेतल्या शौचालयात गेलेले नसण्याची शक्यता असते, कारण तिथे शिक्षकांची नजर नसते. यातील कोणतीही एक खूण म्हणजे पुरावा नव्हे. पण दोनतीन खुणा एकत्र दिसल्या आणि काही आठवडे टिकल्या, तर चौकशी करायला हवी.

ती करताना ‘तुला कोणी त्रास देते का?’ असा थेट प्रश्न विचारला, तर उत्तर ‘नाही’ असेच येण्याचा संभव जास्त. त्यापेक्षा जागा आणि वेळ यांबद्दल विचारावे. मधल्या सुट्टीत कोणाजवळ बसतोस? बसमध्ये कोणती जागा चांगली, कोणती नको वाटते? सर वर्गात नसताना काय चालते? समोरासमोर बसून घेतलेल्या उलटतपासणीपेक्षा चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना, म्हणजे डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही अशा वेळी, मुले अधिक मोकळेपणाने बोलतात.

पहिले बोलणे

मूल सांगू लागले की आपले काम ऐकण्याचे असते, आणि ते वाटते त्याहून कठीण आहे. आपल्या मुलाला कोणी छळते हे ऐकून संताप येणे साहजिक आहे; पण दातओठ खाणारे वडील किंवा डोळ्यांत पाणी आणणारी आई दिसली की मूल आपले बोलणे आवरते घेते आणि उलट त्यांचीच समजूत घालू लागते. चेहरा शांत ठेवून, मध्ये न तोडता, ‘मग काय झाले?’ एवढेच विचारत राहावे. ‘तू तेव्हाच का नाही सांगितलेस?’ हा प्रश्न कितीही मायेने विचारला, तरी मुलाला तो ठपक्यासारखा लागतो.

सगळे ऐकून झाल्यावर काय बोलावे, याचा एक साधा नमुना असा: ‘तू सांगितलेस ते बरे केलेस. यात तुझी चूक नाही. हे थांबवणे एकट्या तुझे काम नाही. आता काय करायचे ते आपण मिळून ठरवू.’ मूल हमखास म्हणते, ‘पण शाळेत सांगू नकोस.’ इथे खोटे वचन देऊ नये. ‘कोणालाच सांगणार नाही’ असे कबूल करून नंतर सांगितले, तर पुढच्या वेळी मूल मूग गिळून बसेल. जे वचन पाळता येते तेच द्यावे: तुला आधी सांगितल्याशिवाय मी कोणाशी बोलणार नाही, आणि कोणाशी, कधी, काय बोलायचे हे तुला विचारूनच ठरवीन. सूत्रे पूर्णपणे आपल्या हातून गेलेली नाहीत, एवढे कळले तरी मुलाला बराच धीर येतो.

उलट मारण्याच्या सल्ल्याबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण तो अनेक जण अनुभवाचे बोल म्हणून देतात. अंगावर आलेल्याला दूर ढकलून निसटणे निराळे, आणि हिशेब चुकता करण्यासाठी हात उचलणे निराळे. बळ असमान असते म्हणूनच छळ होतो, तेव्हा प्रतिहल्ल्यात मार खाण्याची शक्यता आपल्याच मुलाची अधिक. शिवाय शाळेच्या दृष्टीने तेव्हापासून दोघेही दोषी ठरतात आणि मूळ तक्रार बाजूला पडते. मुलाला शिकवायच्या गोष्टी साध्या आहेत: एकटे न राहता कोणाच्या तरी सोबत राहणे, ‘हे मला चालणार नाही’ असे एकच वाक्य ठामपणे बोलून तिथून निघणे, आणि शाळेतल्या कोणत्या मोठ्या माणसाकडे जायचे हे आधीच ठरवून ठेवणे. अर्थात, या गोष्टींनी दिवस निभावतो, छळ थांबत नाही. त्यासाठी मोठ्यांनाच हालचाल करावी लागते.

टिपणे ठेवा, मग शाळेत जा

शाळेत जाण्यापूर्वी घडलेले प्रसंग लिहून काढावेत. ‘माझ्या मुलाला सगळे त्रास देतात’ या वाक्यावर शिक्षकांना काहीच करता येत नाही. त्याऐवजी टिपण असे असावे: ‘मंगळवार, मधली सुट्टी, पाण्याच्या नळाजवळ. एका मुलाने वही हिसकावून ओल्या फरशीवर टाकली. दोघे शेजारी उभे राहून हसत होते. चौथ्याने वही उचलून दिली. कोणत्याही शिक्षकांनी पाहिले नाही.’ या पाच ओळींत वेळ आहे, जागा आहे, पुढाकार घेणारा आहे, त्याला साथ देणारे आहेत, आणि वही उचलून देणारा तो चौथा मुलगाही आहे, जो पुढे कदाचित सर्वांत उपयोगी पडेल. ओरखडे, फाटलेली पुस्तके, मोडलेल्या वस्तू यांची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावीत.

पहिली भेट वर्गशिक्षकांची घ्यावी, तीही आधी वेळ ठरवून. शाळा सुटताना फाटकाजवळ घाईघाईत सांगितलेली गोष्ट कानावरच राहते, नोंदीत जात नाही. भेटीत आरोपांपेक्षा प्रश्न उपयोगी पडतात: हे आपल्या लक्षात आले आहे का? त्या वेळी त्या जागी कोणाची देखरेख असते? उद्यापासून काय बदलेल? आपण पुन्हा कधी बोलायचे? शेवटचा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नये. त्याच संध्याकाळी ठरलेल्या गोष्टी लेखी कळवाव्यात. ‘आज आपण वेळ दिलात याबद्दल आभारी आहे. मधल्या सुट्टीत नळाजवळ देखरेख ठेवणे, बसण्याच्या जागा बदलणे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भेटणे असे आपले ठरले आहे’ एवढा मजकूर पुरेसा असतो. ठरल्याप्रमाणे काही झाले नाही तर मुख्याध्यापकांकडे आणि गरज पडल्यास त्यांच्या वरच्या पातळीवर जाताना हाच कागद बोलतो.

त्रास देणाऱ्या मुलाला रस्त्यात गाठून दरडावणे पूर्णपणे टाळावे. मोठ्या माणसाने परक्या मुलाला धमकावले असा त्याचा अर्थ लावला जाईल, आणि तो चुकीचाही नसेल. त्या मुलाच्या पालकांना थेट फोन करण्याचा मोहही शक्यतो आवरावा. आपापल्या मुलाला पाठीशी घालण्याची दोन्ही घरांची ओढ नैसर्गिक असते, आणि मग मुलांचा प्रश्न बाजूला राहून मोठ्यांचेच वैर सुरू होते.

शिक्षकांसाठी

डोळ्यांसमोर प्रकार घडत असेल तर आधी तो थांबवावा, जे पाहिले ते नेमक्या शब्दांत सांगावे (‘तू त्याचे दप्तर ओढलेस, हे इथे चालणार नाही’) आणि चौकशी नंतर, एकेकाला स्वतंत्र बोलावून करावी. वर्गासमोर ‘खरे सांग, याने तुला मारले का?’ असे विचारणे म्हणजे मुलाचा दुसऱ्यांदा पाणउतारा करणे होय. हातात हात देऊन ‘आता मित्र व्हा’ असे बजावण्याची जुनी पद्धत का फसते, हे वर आलेच आहे. छळ सोसणाऱ्या मुलाचीच जागा, तुकडी किंवा खेळाची वेळ बदलणे हाही तसाच सोयीचा पण अन्यायकारक उपाय आहे. बदल करायचाच असेल तर तो त्रास देणाऱ्याच्या बाजूने करावा, निदान मुलाने स्वतः मागितल्याशिवाय त्याला हलवू नये.

शिक्षकांचे सर्वांत मोठे बळ मात्र तिसऱ्याच मुलांमध्ये असते. कॅनडात डेब्रा पेप्लर, वेंडी क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की छळाच्या दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत इतर मुले हजर होती. मध्ये पडणारी थोडीच होती. पण ती मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून अधिक प्रसंगांत छळ दहा सेकंदांत थांबला. फिनलंडमधील संशोधक क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की वर्गात छळणारा आणि सोसणारा यांच्याखेरीज साथीदार असतात, हसून चढवणारे असतात, अलिप्त राहणारे असतात आणि बाजू घेणारेही असतात. त्या देशातील शाळांमध्ये पुढे राबवलेला ‘किवा’ हा उपक्रम याच निरीक्षणावर उभा आहे: छळणाऱ्याला हवा असलेला प्रेक्षकवर्ग काढून घेतला, की त्याच्या वागण्यातला फायदाच संपतो.

याचा अर्थ मुलांना ‘धीट व्हा आणि मध्ये पडा’ असे सांगून मोकळे व्हावे असा नाही. प्रत्येक मुलाला झेपेल असे काहीतरी सांगावे. न हसणे हे कोणालाही जमते. पडलेली वही उचलून देणे, ‘चल, आपण तिकडे खेळू’ म्हणून त्या मुलाला बाजूला नेणे, नंतर त्याच्याजवळ जाऊन बसणे हेही बहुतेकांना जमते. जाऊन शिक्षकांना सांगणे ही चहाडी नव्हे, हे वर्गात पुन्हा पुन्हा सांगावे लागते, आणि ते पटवण्याचा एकच मार्ग म्हणजे सांगणाऱ्याचे नाव कधीही उघड न करणे.

केंब्रिज विद्यापीठातील मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी शाळांतील ४४ उपक्रमांच्या मूल्यमापनांचा एकत्रित अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात छळाचे प्रमाण सरासरी २० ते २३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले, आणि अधिक परिणाम साधणाऱ्या गोष्टींत पालकांच्या बैठका आणि मैदानावरील चोख देखरेख यांचा समावेश होता. आकडा फार मोठा वाटणार नाही, परंतु भित्तिपत्रके लावून आणि एक दिवस साजरा करून काम झाले असे मानणाऱ्या शाळांनी तो लक्षात घेण्यासारखा आहे. देखरेख कुठे हवी हे शोधण्याची एक सोपी युक्ती अशी: शाळेचा आराखडा मुलांच्या हाती देऊन जिथे जायला नको वाटते त्या जागांवर नाव न लिहिता खुणा करायला सांगाव्यात. जिन्याखालची जागा, शौचालये, बसची मागची रांग यांवर खुणांची गर्दी झालेली दिसली, की शिक्षकांच्या पाळ्या कुठे लावायच्या हा प्रश्न उरत नाही.

मोबाइलवरचा छळ

वर्गाचा व्हॉट्सॲप गट, खेळातील गप्पा, कोणाच्या फोटोवर केलेली टिंगल, अशा छळाला शाळा सुटल्याची घंटा नसते. इथे दोन सूचना पुरेशा आहेत. काहीही पुसण्यापूर्वी पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे, त्यानंतरच संबंधितांना ब्लॉक करावे आणि त्या मंचावर तक्रार नोंदवावी. आणि मुलाचा फोन काढून घेऊ नये. आईवडिलांना तो बचाव वाटतो, मुलाला शिक्षा वाटते. ‘सांगितले तर फोन जाईल’ हे एकदा कळल्यावर ते पुन्हा सांगणार नाही.

आपलेच मूल छळत असेल तर

शाळेतून असा निरोप आला की बहुतेक पालकांच्या तोंडून पहिले वाक्य निघते, ‘आमचा मुलगा असा नाही.’ ते गिळावे. नेमके काय घडले हे आधी ऐकून घ्यावे, आणि घरी येऊन मुलाशी बोलताना ‘का केलेस?’ यापेक्षा ‘काय केलेस, ते मला क्रमाने सांग’ असे म्हणावे. ‘का’ला मुले सबबी देतात: गंमत केली, सगळेच करत होते, त्यानेच सुरुवात केली. मूल वाईट आहे असा शिक्का न मारता, ते वागणे मात्र चालणार नाही, हे निःसंदिग्धपणे सांगावे. मार देऊन हे शिकवता येत नाही. बलवानाने दुबळ्यावर हात टाकायचा असतो, हाच धडा त्यातून पक्का होतो.

परिणाम चुकीशी जोडलेला असावा. फाडलेली वही स्वतः बसून पुन्हा लिहून देणे, हिसकावलेली वस्तू भरून देणे, काही दिवस मैदानावर शिक्षकांच्या नजरेसमोर राहणे. माफी मागायला लावायचीच असेल, तर समोरच्या मुलाला ती ऐकायची इच्छा आहे का, हे आधी विचारावे. त्याच वेळी, या मुलालाही दुसरीकडे कोणी छळत नाही ना, हे तपासावे. ड्यूक विद्यापीठातील विल्यम कोपलंड आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात, लहानपणी स्वतः छळ सोसणाऱ्या आणि इतरांनाही छळणाऱ्या मुलांची मोठेपणीची मानसिक अवस्था सर्वांत बिकट असल्याचे दिसले होते. घरातले आपले बोलणेही या निमित्ताने ऐकून पाहावे. जेवताना कोणाच्या तरी रंगावर, वजनावर, बोलण्यावर हसणारी माणसे असली, तर शाळेत काय चालते याचे आश्चर्य वाटू नये.

तातडीची वेळ

मूल ‘मी नसलो तर बरे होईल’ अशा अर्थाचे काही बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, झोप आणि जेवण पार बिघडले असेल, तर शाळेच्या उत्तराची वाट पाहू नये. त्याला एकटे सोडू नये, मरण्याचे विचार मनात येतात का हे सरळ विचारावे आणि त्याच दिवशी डॉक्टर, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. असे विचारल्याने तो विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. लैंगिक स्वरूपाचा त्रास, गंभीर दुखापत, पैशांसाठी धमकावणे, खासगी छायाचित्रे पसरवणे हे शाळेच्या शिस्तीपुरते प्रश्न नाहीत. तिथे पोलिसांकडे जाण्यात संकोच करू नये.

छळ थांबल्यासारखा वाटल्यानंतर

पहिल्या शांत आठवड्यावर विसंबू नये. शाळेने समज दिल्यावर काही दिवस सगळे जपून वागतात, आणि नंतर तोच छळ अधिक सफाईने, नजरेआड सुरू होऊ शकतो. म्हणून ठरलेली दुसरी भेट ‘आता ठीक आहे’ म्हणून रद्द करू नये. टिपणवही आणखी काही आठवडे चालू ठेवावी, आणि ‘पुन्हा झाले का?’ असे रोज विचारून मुलाला त्या विषयाला खिळवून न ठेवता, आठवड्यातून एखाद्या वेळी सहज चौकशी करावी. शाळा बदलण्याचा विचार सर्व प्रयत्न थकल्यावर, आणि मुलाची इच्छा असेल तरच करावा. बदललीच तर नव्या वर्गशिक्षकांना पहिल्याच आठवड्यात भेटून मागचे थोडक्यात सांगावे आणि मुलाच्या शेजारी पहिल्या दिवशी कोण बसेल, हे त्यांच्याबरोबर ठरवूनच निघावे.